हिवाळी आकाशदर्शन: पहाटेपर्यंत हातपाय उबदार कसे ठेवायचे

दर डिसेंबरात १३-१४ तारखेच्या रात्री मिथुन उल्कावर्षाव शिखरावर असतो. आकाश काळोखं असेल तर तासाला ५० ते १०० उल्का दिसतात. या उल्का जिथून येताना दिसतात ती मिथुनेतली पुनर्वसू ताऱ्यांची जोडी डोक्यावर येते ती मध्यरात्र उलटून गेल्यावर, दोन-अडीचच्या सुमाराला, आणि खरी बहार तेव्हाच असते. पण पहिल्यांदा आलेली बरीच मंडळी साडेअकरा-बारालाच गाडीत जाऊन बसलेली दिसतात. आकाशाचा कंटाळा आला म्हणून नव्हे, पाय बधिर झाले म्हणून. हे पाहिलं की मला फार वाईट वाटतं, कारण थोडी आधी तयारी केली असती तर ही रात्र त्यांच्या हातून गेली नसती.

आपल्याकडची थंडी ती काय, असं वाटणं साहजिक आहे. जुन्नर-अकोले भागातल्या माळावर किंवा भंडारदऱ्याच्या परिसरात डिसेंबरात पारा आठ-दहा अंशांवर येतो. तेवढ्या गारठ्यात स्वेटर घालून फिरायला छानच वाटतं. पण फिरणं वेगळं आणि सहा-सात तास एका जागी उभं राहून किंवा आडवं पडून वर बघत राहणं वेगळं.

आधी समजून घ्या: थंडी खालून येते

आकाशदर्शनाला चांगली रात्र म्हणजे निरभ्र, कोरडी आणि वारा पडलेली रात्र. जमिनीची उष्णता वर निघून जायलाही नेमकी हीच रात्र सोयीची. ढग असले की ते पांघरुणासारखं काम करतात. ते नसले की माती, गवत, कातळ आपली ऊब थेट आकाशाकडे सोडून देतात आणि वरच्या हवेपेक्षाही गार होतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, तेव्हा गावातलं तापमान बहुधा शून्याच्या बरंच वर असतं. याचं कारण हेच. हवामान खात्याचा तापमापक माणसाच्या छातीच्या आसपासच्या उंचीवर, पेटीच्या सावलीत असतो. गवताच्या पात्यावरचा गारठा त्याला कळत नाही. तुमचे पाय मात्र रात्रभर त्या गवतातच असतात. म्हणजे बातम्यांत सांगितलेला आकडा तुमच्या छातीसाठी खरा, पायांसाठी त्यातून आणखी काही अंश वजा करायचे.

दुसरी गोष्ट शरीराच्या आतली. पोट, छाती, डोकं यांची ऊब कमी होऊ लागली की शरीर हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या आवळून घेतं आणि रक्त मध्याकडे राखतं. बोटं गार पडतात ती बऱ्याचदा म्हणूनच. नवखा माणूस बोटं गार पडली की हातमोजे शोधतो, पण उपाय अनेकदा बंडीत आणि कानटोपीत असतो.

जागा निवडताना

गार हवा जड असते आणि पाण्यासारखी उताराने वाहत जाऊन खोलगटात साठते. नदीकाठ, भाताची खाचरं, धरणाच्या भिंतीखालची सपाटी या जागा संध्याकाळी रम्य वाटतात. रात्री तिथे धुकंही येतं, दवही जास्त पडतं आणि चार पावलं वरच्या माळापेक्षा गारठाही अधिक असतो. थोडी चढावरची जागा घ्या, पण अगदी धारेवरची नको, तिथे वारा मोकळा सुटतो. एखादा बांध, दगडी गडगा किंवा उभी केलेली गाडी वाऱ्याच्या बाजूला येईल असं बघा. उघड्या कातळापेक्षा माती बरी, कारण कातळ पायातली ऊब फार वेगाने ओढून घेतो.

बूट आणि मोजे

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

दिवसभर ऑफिसात घातलेले मोजे आणि बूट तसेच घालून निघू नका. तळपायांना सतत घाम येतो. तो मोज्यात मुरलेला असतो आणि ओला मोजा पाय गार करतो. कोरडे मोजे प्लास्टिकच्या पिशवीत वेगळे ठेवा आणि जागेवर पोचल्यावर, दुर्बीण लावायच्या आधी, बदला. किल्ल्यावर किंवा पठारावर चढून जाणार असाल तर घामाने भिजलेली बंडीसुद्धा वर पोचताच बदला. थंडी वाजायला लागल्यावर ओली बंडी काढायची हिंमत होत नाही, म्हणून अंग गरम आहे तोवरच हे उरकून घ्यायचं.

मोजा लोकरीचा हवा. सुती मोजा ओल धरतो आणि ओल धरली की त्याची ऊब संपते. लोकर थोडी दमट झाली तरी उबदार राहते. हिवाळ्यात शहरांच्या फुटपाथवर तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकानं लागतात, तिथे जाड लोकरीचे मोजे मिळतात. आत एक पातळ सिंथेटिक मोजा, त्यावर हा लोकरीचा. दोन पुरे.

आणि इथेच ती नेहमीची चूक होते: दोन मोजे रोजच्याच मापाच्या बुटात कोंबले जातात. पाय आवळला गेला की रक्त नीट फिरत नाही, शिवाय ऊब धरून ठेवते ती मोज्याच्या धाग्यांमधली हवा, आणि तीच दाबून निघून जाते. असा पाय एका मोज्यातल्या पायापेक्षा लवकर गार पडतो. बुटात बोटं मोकळेपणी हलवता आली पाहिजेत. हलत नसतील तर एक मोजा काढा किंवा एक माप मोठा बूट घ्या. नाडीही सैल बांधा.

जाळीचे स्पोर्ट्स शूज दवात तासाभरात ओले होतात. कातडी किंवा पाणी न शिरणारे ट्रेकिंगचे बूट चांगले. शेतात वापरायचे गमबूट नुसते गार असतात, पण एक माप मोठे घेऊन आत जाड मोजे आणि लोकरीचा तळ घातला तर दवासाठी त्यांच्याइतकं सोयीचं काही नाही. तळ विकत आणायला हवा असंही नाही. जुन्या घोंगडीचा तुकडा पावलाच्या मापाने कापला की झालं. फक्त तो घातल्यावर बूट आवळत नाही ना, हे बघून घ्या.

पायाखाली काय आहे?

मी पहिल्या हिवाळ्यात कॅनव्हासच्या बुटांत, उघड्या कातळावर दुर्बिणीशी उभा राहिलो होतो. अकराच्या सुमाराला बोटं आहेत की नाहीत हेच कळेना. मृगातला तेजोमेघ डोक्याजवळ आला होता आणि मी गाडीत बसून पाय चोळत होतो. शेजारच्या वस्तीवरचे एक आजोबा आम्ही काय करतोय ते बघायला आले होते. त्यांनी काही न बोलता गोणपाट आणलं, त्यावर पेंढ्याचा जाड थर पसरला आणि म्हणाले, "दगडावर काय उभा राहतोस बाबा, यावर राहा." पुढचे चार तास मी त्या पेंढ्यावरून हललो नाही. जनावरांना गोठ्यात थंडीत काय लागतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि माझ्या पायांनाही तेच हवं होतं.

पायाखाली हवा धरून ठेवणारी वस्तू हवी, एवढं लक्षात ठेवा. मुलांच्या खोलीत अंथरतात ते एकमेकांत अडकणारे फोमचे चौकोन उत्तम. ते नसतील तर व्यायामाची चटई घडी करून, खोक्याचा पुठ्ठा तीन-चार पदरी करून, थर्माकोल दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून किंवा नुसती लाकडी फळी. पुठ्ठा दवाने भिजू नये म्हणून खाली प्लास्टिक घाला. दुर्बिणीभोवती ज्या अर्धवर्तुळात तुम्ही फिरता तेवढी सगळी जागा झाका, एकच तुकडा टाकून भागत नाही. खुर्चीत बसणार असाल तर पाय टेकायला फळी घ्या आणि बसायच्या जागी घोंगडीची घडी ठेवा, कारण प्लास्टिकची खुर्ची खालून चांगलीच गार लागते.

उल्का बघायला आडवं पडायचं असेल तर सगळा भर खालच्या अंथरुणावर द्या. लोक दोन-दोन रजया पांघरतात आणि खाली एक सतरंजी टाकतात. अंगाखालची रजई किंवा स्लीपिंग बॅग आपल्या वजनाने चेपते, तिच्यातली हवा निघते आणि ती जवळपास निकामी होते. आधी ताडपत्री, तिच्यावर फोमची चटई, मग सतरंजी किंवा गोधडी, आणि मग तुम्ही. पाय स्लीपिंग बॅगेत घालताना बूट काढा. दवाने ओले झालेले बूट आत नेले तर ओलही आत जाते.

पांघरायला घोंगडीसारखं दुसरं काही मला सापडलेलं नाही. दख्खनी मेंढीची राठ लोकर अंगाला टोचते खरी, पण दव तिच्यावरच थेंबाथेंबांनी थांबतं, आत लवकर मुरत नाही. धनगर मंडळी रानात तिच्यावर रात्री काढत आली आहेत.

हाताची ऊब मनगटाच्या वरून

आधी धड. आत अंगाबरोबरचं थर्मल, त्यावर लोकरीचा स्वेटर, सर्वांत वर वारा अडवणारं जर्किन. एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर बरे, हवे तसे कमी-जास्त करता येतात. पायांना हाच न्याय लावायला लोक विसरतात: वर चार कपडे आणि खाली एकटी जीन्स. पावलाकडे जाणारं रक्त मांडीतून आणि गुडघ्यामागून जातं. ते वाटेतच गार झालं तर मोजा काय करणार? सैल पँटच्या आत एक थर्मल किंवा ट्रॅक पँट घालाच.

कानटोपी हवी, मान झाकणारी. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते असं ऐकायला मिळतं, ते खरं नाही. डोकं शरीराच्या पृष्ठभागाच्या साधारण दहावा हिस्सा आहे आणि उष्णताही जवळपास त्याच प्रमाणात जाते. पण बाकी सगळं झाकलेलं असताना उघडं राहिलेलं तेवढंच, म्हणून तिथून जाणारी ऊब जाणवते. मफलर छातीवर आडवा घ्या, नुसता गळ्यात लोंबता नको.

मग हात. दुर्बिणीचं काम बारीक असतं. फोकसचं चाक, नेत्रिका (डोळा लावतो ते भिंग) बदलणं, नकाशा उलटणं हे सगळं जाड हातमोज्यात होत नाही, म्हणून माणूस मोजा काढतो आणि परत घालायला विसरतो. त्यावर सोय अशी: आत घट्ट नसलेला पातळ मोजा, जो रात्रभर काढायचाच नाही. त्यावर चारही बोटं एकाच पिशवीत जाणारा मोठा मोजा. एकत्र असलेली बोटं एकमेकांना ऊब देतात, म्हणून पाच बोटांच्या मोज्यापेक्षा हा जास्त उबदार. मोठे मोजे दोरीला बांधून ती दोरी जर्किनच्या बाह्यांतून घ्या, लहान मुलांच्या मोज्यांना असते तशी. काम करताना मोजा हातातून लोंबत राहतो, गवतात पडून ओला होत नाही.

मनगटाकडे कुणाचं लक्ष जात नाही. तिथे रक्तवाहिनी कातडीच्या अगदी जवळ असते, नाडी तिथेच तर बघतात. जुन्या लोकरी मोज्याचा पावलाकडचा भाग कापून टाका आणि उरलेली नळी मनगटावर चढवा. एवढ्याशा गोष्टीने बोटांना किती फरक पडतो ते एका रात्रीत कळेल.

धातूला उघड्या हाताने हात लावणं टाळा. अॅल्युमिनियमची तिपाई रात्री दोनला बर्फासारखी लागते. तिच्या पायांना सायकलच्या हँडलची फोमची मूठ किंवा जुन्या चादरीची पट्टी गुंडाळून ठेवा. नोंदी पेन्सिलीने करा. बॉलपेनची शाई गारठ्यात अडते आणि मग ते हातात चोळत बसावं लागतं.

बाहेरून ऊब द्यायची तर

सर्वांत साधी गोष्ट म्हणजे गरम पाण्याची बाटली. घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरा, ती लोकरी मोज्यात घाला आणि स्लीपिंग बॅगेत पायाशी किंवा जर्किनच्या आत पोटाशी ठेवा. रबरी पिशवीही चालते.

ट्रेकिंगच्या दुकानांत हात गरम ठेवणाऱ्या पुड्या मिळतात. त्यांच्यात लोखंडाची पूड, मीठ, कोळशाची भुकटी आणि थोडी ओल असते. पुडी फोडली की हवेतला प्राणवायू लागून लोखंड गंजू लागतं आणि त्या गंजण्याचीच उष्णता कित्येक तास मिळत राहते. गरम व्हायला तिला वेळ लागतो, म्हणून हात गार पडायच्या आधी पाव तास फोडा. बुटात हवा कमी असल्याने हातासाठीची पुडी तिथे कोमटच राहते, पायांसाठी वेगळ्या मिळतात. पुडी कातडीला थेट लावायची नाही, मध्ये मोजा हवाच. रात्र लवकर आटोपली तर ती हवाबंद पिशवीत घट्ट बंद करा. हवा तुटली की गंजणं थांबतं आणि उरलेली ऊब पुढच्या वेळी वापरता येते. आतली धातूची चकती दाबली की गोठून गरम होणारी जेलची पिशवीही मिळते. ती पन्नास अंशांच्या वर जाते पण लवकर निवते. घरी उकळत्या पाण्यात ठेवली की पुन्हा तयार.

शेकोटीचा मोह सगळ्यांना होतो. आकाशदर्शनाच्या जागी ती नकोच. अंधाराला सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटं लागतात, आणि जाळाकडे एकदा पाहिलं की ते सगळं वाया जातं, तुमचं आणि शेजाऱ्याचंही. धूर आकाशात जातो तो वेगळाच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे डिसेंबर-जानेवारीत सह्याद्रीतलं गवत वाळून कोळ झालेलं असतं. एका ठिणगीने अख्खा डोंगर पेटतो, त्यात पक्षी-प्राणी आणि कुणाचा तरी वर्षाचा चारा जातो. आणि हे मात्र अगदी कळकळीने सांगतो: तंबूत किंवा बंद गाडीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका, काचा लावून इंजिन चालू ठेवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपेतच माणूस जातो.

खाणं-पिणं

निघण्याआधी गरम, पोटभर जेवा. बाजरीची भाकरी, पिठलं, वर तूप. शरीर ऊब निर्माण करतं ती खाण्यातूनच. सोबत शेंगदाणा-गुळाचे किंवा डिंकाचे लाडू, तिळाची वडी असे पदार्थ घ्या, मोजा न काढता खाता येतील असे. थर्मास दोन न्या. एक रात्रीचा आणि दुसरा तीनच्या आधी उघडायचाच नाही. पाणीही पीत राहा, थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक पीत नाहीत. लघवीला जायला लागू नये म्हणून पाणी टाळणं ही चूक आहे. दारूने गरम वाटतं कारण कातडीकडचं रक्त वाढतं, आणि त्याच वाटेने आतली ऊब बाहेर निघून जाते. सिगारेटने उलट बोटांच्या वाहिन्या आवळल्या जातात. दोन्ही नको.

रात्रभरातला क्रम

दर वीस मिनिटांनी थांबा, थंडी वाजत असो वा नसो. टाचा वीस-पंचवीस वेळा उचला, बुटात बोटं मिटा-उघडा. दोन्ही हात खांद्यातून जोरात गोल फिरवा, रक्त बोटांच्या टोकापर्यंत ढकललं जातं आणि मिनिटभरात बोटं तापू लागतात. उठाबशा दहा पुरे, घाम येऊ द्यायचा नाही. मग लाल कागद लावलेल्या टॉर्चच्या उजेडात शेजाऱ्यालाही विचारा, बोटं हलतायत का? लहान मुलं थंडी वाजते असं सांगत नाहीत, ती गप्प होतात. मूल गप्प झालं की समजून घ्या.

बोटांना मुंग्या आल्या तर लगेच काहीतरी करा. बधिर झाली, संवेदना गेली, तर दुर्बीण सोडा. हात काखेत घाला, पाय दुसऱ्याच्या पोटाशी किंवा कोरड्या गोधडीत. जोरात चोळू नका आणि बधिर कातडीवर गरम पाण्याची बाटली थेट ठेवू नका, भाजलेलं कळत नाही. मधुमेहामुळे पावलांची संवेदना कमी झालेल्यांनी हे विशेष जपावं. घरी आल्यावर बोटं लाल होऊन सुजली, खाजली किंवा थंडीत दर वेळी पांढरी पडत असतील तर डॉक्टरांना दाखवा.

सर्वांत गार वेळ सूर्योदयाच्या आसपासची असते, मध्यरात्रीची नव्हे. म्हणून एक थर आणि कोरड्या मोज्यांचा एक जोड राखून ठेवा आणि तीनला, दुसरा थर्मास उघडताना, चढवा.

यापुढे जायचं झालं तर

विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली. तिथल्या हिवाळी रात्री वर सांगितलेल्या तयारीत निभतात. लडाखमधलं हान्ले मात्र वेगळं प्रकरण आहे. तिथली वेधशाळा ४५०० मीटर उंचीवर आहे, हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांच्याही खाली जातो आणि बोटं खरोखरच गोठू शकतात. तिथे फोमचे चौकोन आणि फुटपाथवरचे मोजे पुरणार नाहीत. बर्फासाठीचे बूट, पिसांचा कोट आणि उंचीला सरावण्यासाठी आधीचे दिवस हाताशी हवेत. पहिल्यांदा जात असाल तर उन्हाळ्यात जा. तेव्हाही रात्री या लेखातलं सगळं सामान लागेल.

घरी परतल्यावर

झोप आलेली असते, तरी एवढं करूनच पडा. बूट उघडून आतले तळ काढा, वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत ठेवा. मोजे, मनगटाच्या नळ्या, कानटोपी, फोमचे चौकोन वाळले की एकाच पिशवीत भरा आणि ती पिशवी दुर्बिणीच्या पेटीशेजारी ठेवा. पुढच्या अमावास्येला घाईत निघताना दुर्बीण कुणी विसरत नाही, मोजे विसरतात.